गेम बॉय ॲडव्हान्सवर स्वतःचा प्रोग्राम चालवायचाय? मग आधी पत्ता नीट समजून घ्या

ठाण्यात घरचा पत्ता सांगायचा म्हणजे, तलावपाळीला उतर, गडकरी सोडलंस की कुणालाही विचार पिठाची गिरणी कुठे, गिरणीच्या वरच आम्ही, आणि सापडलं नाही तर फोन कर. नवी मुंबईत नेरुळला ताईकडे तसं नाही. सेक्टर, प्लॉट, फ्लॅट, तीन आकडे सांगितले की रिक्षा थेट गेटवर. हा फरक डोक्यात ठेवा, कारण गेम बॉय ॲडव्हान्स, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा जुना गेम कन्सोल, हे अख्खं प्रकरण मी त्याच्यावरच समजावणार आहे, भाचीला पण तसंच समजावलं आणि तिला कळलं.

तिचा पहिला प्रश्न होता, मावशी यात अँड्रॉइड आहे का विंडोज? म्हटलं काहीच नाहीये. मग चालतं कसं? बास, हाच प्रश्न आहे, बाकी सगळं ह्याचं उत्तर.

फोनवरचं ॲप हे ठाणेकर असतं. त्याला स्क्रीन कुठे, बटण कुठे काही माहीत नसतं, ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतं, ती ड्रायव्हरला विचारते, ड्रायव्हर चिपला सांगतो आणि मग कुठे एक ठिपका उमटतो. गेम बॉय ॲडव्हान्स हे नवी मुंबईकर मशीन. मधे विचारायला कोणी नाहीच. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्याला पत्ता आहे, बटणांना पत्ता आहे, आवाजाला पत्ता आहे, त्या पत्त्यावर आकडा टाकला की काम झालं आणि चुकीच्या पत्त्यावर टाकलात तर चुकीचं काम पण तितक्याच तत्परतेने होतं, एरर वगैरे देणारं कोणी नसतं.

तर मशीन काय आहे ते आधी. २००१ साली मार्चमध्ये जपानात आलं, जूनमध्ये अमेरिकेत. आत एआरएम७टीडीएमआय प्रोसेसर, म्हणजे तुमच्या फोनमधल्या प्रोसेसरचा लांबचा आजोबा, वेग १६.७८ मेगाहर्ट्झ. गिगा नाही, मेगा. स्क्रीन २४० बाय १६० पिक्सेल, रंग ३२,७६८. आणि जुन्या गेम बॉयचे गेम चालावेत म्हणून आत एक वेगळा आठ बिटचा प्रोसेसर पण ठेवलाय, तो आपल्या कामाचा नाही, त्याला झोपू द्या.

लोक विचारतात की पीएसपी किंवा थ्रीडीएस हे नंतरचे हातातले कन्सोल का नको, ते तर जास्त ताकदवान. ताकद आहे हो, पण तिथे मशीन आधी बघतं की प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही आहे का, आणि सही नसेल तर चालवत नाही, मग आधी कुठलं तरी भगदाड शोधून, फर्मवेअरची, म्हणजे मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती जुळवून, मेमरी कार्ड तयार करून आत शिरावं लागतं. ॲडव्हान्समध्ये सही वगैरे भानगड नाही. चालू होताना ते फक्त कार्ट्रिजच्या, म्हणजे गेमच्या खोचायच्या डबीच्या, सुरुवातीला निन्टेंडोचा लोगो आहे का, म्हणजे ठरलेले १५६ बाइट जसेच्या तसे आहेत का, आणि एक छोटी बेरीज जुळते का एवढंच बघतं. ते जुळलं की मशीन तुमचं. शिकण्यासाठी याच्यापेक्षा सरळ मशीन मला तरी माहीत नाही.

आता सेक्टर. पत्ता हेक्समध्ये लिहितात, म्हणजे दहाऐवजी सोळाची मोजणी, ० ते ९ आणि मग ए ते एफ, आठ आकडे, त्यातले पहिले दोन म्हणजे सेक्टर असं समजा. सेक्टर ० मध्ये बायोस, १६ किलोबाइट, कंपनीने आधीच भरून दिलेलं, त्यात भागाकार वर्गमूळ असली कामं करणारी फंक्शन्स आहेत. सेक्टर २ मध्ये २५६ किलोबाइट रॅम, मोठी पण संथ. सेक्टर ३ मध्ये ३२ किलोबाइट रॅम, छोटी पण एकदम फास्ट, कारण ती प्रोसेसरच्या चिपमध्येच आहे आणि तिचा रस्ता ३२ बिट रुंद आहे, सेक्टर २ चा रस्ता १६ बिटचा आणि वर प्रत्येक खेपेला दोन सायकल, म्हणजे प्रोसेसरचे दोन ठोके, थांबायचं. सेक्टर ४ म्हणजे सरकारी कचेऱ्या, सगळे कंट्रोल रजिस्टर, म्हणजे मशीनला हुकूम द्यायचे खाने, तिथे. सेक्टर ५ रंगांची पॅलेट, १ किलोबाइट. सेक्टर ६ व्हिडिओ रॅम, ९६ किलोबाइट. सेक्टर ७ मध्ये स्प्राइटची, म्हणजे हलणाऱ्या पात्रांची, यादी, परत १ किलोबाइट. सेक्टर ८ पासून पुढे कार्ट्रिज, जास्तीत जास्त ३२ मेगाबाइट. आणि सेक्टर १४ मध्ये, जो हेक्समध्ये ई लिहितात, गेम सेव्ह करायची जागा.

हा नकाशा एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. खरंच चिकटवा, मी अजून काढलेला नाही.

सामान काय लागतं तर सुरुवातीला कन्सोल पण लागत नाही. एक कॉम्प्युटर, त्यावर डेव्हकिटप्रो नावाच्या मंडळींची टूलं, फुकट आहेत, विंडोजला इन्स्टॉलर मिळतो, लिनक्स आणि मॅकला पॅकमॅन नावाच्या पॅकेज मॅनेजरने टाकायची, तिथे जीबीए-डेव्ह नावाचा गट निवडला की कंपायलर आणि लायब्ररी सगळं एकत्र येतं. दुसरं म्हणजे एमजीबीए हा एम्युलेटर, कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम. तो घ्या असं मी ठासून सांगते कारण त्यात मेमरी, पॅलेट, टाइल, स्प्राइट सगळं उघडून बघायच्या खिडक्या आहेत, आणि आपण तर सगळं पत्त्यावर टाकत बसणार त्यामुळे पोचलं की नाही हे बघता येणं हाच अर्धा अभ्यास. भाषा सी. थोडं सी येत असेल तर पुरे, पॉइंटर मात्र कळायला हवा, आणि कळत नसेल तर इथे कळेल कारण इथे पॉइंटर म्हणजे खरोखरचा पत्ता असतो, पुस्तकातल्या बाणांच्या चित्रांसारखा हवेतला नाही. इंजिनिअरिंगला आम्हाला पॉइंटर शिकवला तेव्हा मी पाठ केला होता, समजला तो पुढे कित्येक वर्षांनी ह्या मशीनवर.

डेव्हकिटप्रोसोबत उदाहरणांचे फोल्डर येतात, त्यातलं एक साधं टेम्प्लेट कॉपी करा, टर्मिनलमध्ये मेक कमांड द्या, जीबीए एक्स्टेंशनची फाइल बनते, ती एमजीबीएत टाका. हे चाललं म्हणजे टूलं नीट बसली. नाही चाललं तर बहुतेक वेळा पाथ सेट नसतो किंवा फोल्डरच्या नावात स्पेस असते. नावात स्पेस ठेवू नका, देवनागरी नाव पण नको.

आता पहिला ठिपका. सेक्टर ४ मधला अगदी पहिला पत्ता, ०४००००००, तिथे डिस्प्ले कंट्रोल बसतो. तिथे १०२७ लिहायचं. १०२७ का, तर १०२४ अधिक ३. ३ म्हणजे मोड ३, ज्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचे दोन बाइट मिळतात, आणि १०२४ म्हणजे शून्यापासून मोजून दहावा बिट, बॅकग्राउंड २ चालू करायचा स्विच. हा स्विच विसरलात की स्क्रीन काळा किंवा पांढरा ठक्क आणि तुम्ही तासभर रंगाच्या कोडमध्ये चूक शोधणार. सगळे विसरतात. पुढे, सेक्टर ६ मध्ये, म्हणजे ०६०००००० पासून, पिक्सेल ओळीने बसलेत, वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू, एका ओळीत २४०, मग पुढची ओळ. मधला पिक्सेल हवा तर आडवा १२०, उभा ८०, म्हणजे ८० गुणिले २४० अधिक १२०, बरोबर १९,३२०. सोळा बिटचा पॉइंटर घेतला असेल तर १९,३२० नंबरच्या खान्यात टाका, बाइटमध्ये मोजत असाल तर त्याची दुप्पट, आणि ह्या दोन्हींची सरमिसळ केली की ठिपका भलत्याच ठिकाणी जातो. त्या खान्यात ३१ लिहा. लाल ठिपका आला.

शेवटी एक कायमचा लूप टाकायचा. पीसीवर प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जातो, इथे परत जायला घरच नाहीये, म्हणून संपायचंच नाही.

३१ का लाल? रंगाला १५ बिट, लाल हिरवा निळा प्रत्येकी पाच, म्हणजे प्रत्येकाची पातळी ० ते ३१. लाल सगळ्यात खालच्या पाच बिटांत, हिरवा त्याच्या वर म्हणून त्याला ३२ ने गुणायचं, निळा अजून वर म्हणून १,०२४ ने. पूर्ण हिरवा ९९२, पूर्ण निळा ३१,७४४, पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा १,०२३. भगवा हवाय? लाल ३१ ठेवा आणि हिरवा अर्ध्यावर, १५ चे ३२ पट ४८०, बेरीज ५११. भाचीने पहिल्या दिवशी नुसते रंगच बनवले, मी म्हटलं बनव, बिट काय असतात ते तिच्या लक्षात तिथेच आलं.

आता बटणं, आणि इथे माझा एक अख्खा शनिवार गेलाय तो सांगते.

बटणांचा पत्ता ०४०००१३०. दहा बटणं, दहा बिट. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, उजवं, डावं, वर, खाली, आर, एल ह्या क्रमाने शून्यापासून नवापर्यंत. गंमत अशी की इथे उलटं आहे, दाबलेलं नसताना बिट १ आणि दाबलं की ०. म्हणजे काहीच दाबलं नाही तर आकडा १,०२३ आणि फक्त ए दाबलं तर १,०२२, फक्त उजवं दाबलं तर १,००७. हे मला माहीत होतं, त्यात चूक नव्हती. मी लिहिलं होतं की ए दाबेपर्यंत थांबून राहा. साध्या बिल्डमध्ये चाललं, मग कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू केलं तर प्रोग्राम जागच्या जागी थिजला, ए दाबा नाहीतर काही दाबा. सकाळी दहाला बसले, जेवायला उठले नाही, आई दोनदा हाक मारून गेली. संध्याकाळी कळलं. कंपायलर हुशार असतो, तो बघतो की ह्या लूपमध्ये ह्या पत्त्यावर कोणीच काही लिहीत नाहीये, मग परत परत कशाला वाचायचं, एकदाच वाचतो आणि तोच आकडा धरून बसतो. त्याला काय माहीत की बाहेरून माणसाचा अंगठा तो आकडा बदलतो. उपाय एक शब्दाचा, पॉइंटरला व्होलाटाइल लावायचं, म्हणजे कंपायलरला सांगायचं की बाबा रे दर वेळी स्वतः जाऊन बघ, ऐकीव माहितीवर राहू नको. सेक्टर ४ मधल्या प्रत्येक रजिस्टरला हे लावायचंच. लिबटॉन्क किंवा लिबजीबीए ह्या तयार लायब्ररी वापरल्या तर त्यात आधीच लावलेलं असतं, पण मी म्हणते पहिले चार प्रोग्राम लायब्ररीशिवाय करा. शनिवार गेला तरी चालेल.

ठिपका हलवायला लागलात की स्क्रीन फाटल्यासारखा दिसेल, वरचा भाग जुना आणि खालचा नवा. कारण स्क्रीन एका झटक्यात उमटत नाही, वरून खाली ओळीओळीने रंगवला जातो. १६० ओळी दिसणाऱ्या, त्यानंतर ६८ ओळींएवढा वेळ काहीच रंगवलं जात नाही, त्याला व्ही-ब्लँक म्हणतात. चित्रात जे बदल करायचे ते त्या सुट्टीत करायचे. आत्ता कितवी ओळ चाललीय ते ०४०००००६ ह्या पत्त्यावर दिसतं, ० ते २२७. सोपी पद्धत अशी की आधी १६० च्या खाली येईपर्यंत थांबा आणि मग परत १६० होईपर्यंत थांबा. पहिली पायरी गाळली तर एकाच सुट्टीत तुमचा लूप दोनतीनदा फिरतो आणि ठिपका मधेच उड्या मारतो. ह्यात फक्त एक वाईट आहे, थांबताना प्रोसेसर पूर्ण वेगात नुसता ओळ नंबर वाचत बसतो आणि बॅटरी खातो. नीट पद्धत म्हणजे इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला मारायची हाक, लावून बायोसला सांगायचं की व्ही-ब्लँक आला की उठव, तोवर झोपते. पण इंटरप्ट अर्धवट लावला तर कोणी उठवतच नाही, म्हणून ते दुसऱ्या आठवड्यात.

हिशोब एकदा करून बघा, मजा आहे. एक ओळ १,२३२ सायकल, अशा २२८ ओळी, म्हणजे एका फ्रेमला, स्क्रीनच्या एका पूर्ण चित्राला, २,८०,८९६ सायकल, सेकंदाला जवळजवळ ६० फ्रेम, नेमकं ५९.७३. मोड ३ मध्ये पिक्सेल ३८,४००. म्हणजे अख्खा स्क्रीन दर फ्रेमला नव्याने रंगवायचा तर एका पिक्सेलच्या वाट्याला सात सायकल येतात, आणि त्यातच खेळाचं गणित, आवाज, बटणं सगळं बसवायचं. नाही बसत. म्हणून मोड ३ शिकायला चांगला आणि गेम करायला बेकार.

मग त्या काळचे गेम एवढे गुळगुळीत कसे पळायचे? लाद्या! हे ह्या मशीनचं खरं डोकं आहे आणि इथे मी जरा रेंगाळणार.

घरात लादी बसवताना मिस्त्री प्रत्येक लादी हाताने रंगवत नाही. चारपाच प्रकारच्या लाद्या आणतो आणि कुठली कुठे ते ठरवतो. मोड ० मध्ये तसंच. लादी म्हणजे टाइल, ८ बाय ८ पिक्सेल, १६ रंगांवाली असेल तर एका टाइलला फक्त ३२ बाइट. गवत, माती, पाणी, विटा अशा टाइल एकदा सेक्टर ६ मध्ये भरून ठेवायच्या. मग नकाशा, ज्यात प्रत्येक जागी नुसता टाइलचा नंबर, दोन बाइट. स्क्रीन भरायला ३० बाय २० म्हणजे ६०० टाइल लागतात. मोड ३ चं एक चित्र ७६,८०० बाइट खातं, आणि इथे ३२ बाय ३२ टाइलचा अख्खा नकाशा २ किलोबाइटमध्ये बसतो. रंगवायचं काम कोण करतं? तुम्ही नाही, प्रोसेसर पण नाही. व्हिडिओचं वेगळं हार्डवेअर प्रत्येक ओळ रंगवताना नकाशा बघतं, टाइल उचलतं, पॅलेटमधून रंग घेतं, आणि प्रोसेसर मोकळा. स्क्रोल करायचं तर चित्र हलवायचं नाही, सेक्टर ४ मध्ये स्क्रोलच्या रजिस्टरमध्ये एक आकडा बदलायचा, अख्खं जग सरकतं. मोड ० मध्ये असे चार थर एकावर एक मिळतात, मागचा डोंगर हळू आणि पुढची झाडं जोरात सरकवली की खोली दिसते, आणि त्याला खर्च म्हणाल तर दोन आकडे.

हलणारी पात्रं म्हणजे स्प्राइट, ती टाइलचीच बनतात, ८ बाय ८ पासून ६४ बाय ६४ पर्यंत, एका वेळी १२८. सेक्टर ७ मध्ये प्रत्येकाची नोंद, कुठे उभा, कुठली टाइल, उलटा की सुलटा. एक खड्डा सांगून ठेवते. नोंद शून्याने भरलेली असली तर त्याचा अर्थ स्प्राइट नाही असा होत नाही, अर्थ होतो की ८ बाय ८ चा स्प्राइट वरच्या डाव्या कोपऱ्यात, टाइल नंबर शून्य. म्हणजे तुम्ही एक हिरो टाकला की कोपऱ्यात उरलेले १२७ जण एकमेकांवर उभे असतात. सुरुवातीलाच सगळ्यांना लपवायचा बिट लावून टाका आणि मग एकेकाला बाहेर काढा. आणि मोड ३, ४, ५ मध्ये स्प्राइटची अर्धी जागा चित्रानेच खाल्लेली असते, तिथे ५१२ नंबरपासूनच्याच टाइल वापरता येतात.

अजून एक, सेक्टर ६ मध्ये एकेक बाइट लिहायला जाऊ नका. तिथे बॅकग्राउंडच्या भागात एक बाइट लिहिला की तो शेजारच्या बाइटमध्ये पण उमटतो, जोडीने, आणि स्प्राइटच्या भागात तर लिहिलाच जात नाही. सोळा बिट वाचा, हवा तो अर्धा बदला, सोळा बिट परत लिहा. आणि ह्याच्या बरोब्बर उलट सेक्टर १४, सेव्हची एसरॅम, तिथे रस्ताच आठ बिटचा, एका वेळी एकच बाइट घ्यावा लागतो. म्हणून सेक्टर ६ साठी लिहिलेलं कॉपी फंक्शन तिथे वापरलंत की सेव्ह केलेला गेम म्हणजे खिचडी.

दशांश अपूर्णांकाबद्दल. प्रोसेसरमध्ये फ्लोट करणारं हार्डवेअर नाही आणि भागाकाराची सूचना पण नाही. सी मध्ये फ्लोट लिहिलंत तर चालतं, पण कंपायलर ते लांबलचक फंक्शन्सनी करतो आणि वेग बसतो. उपाय आपल्या सगळ्यांना येतो, रुपयाऐवजी पैशात हिशोब. साडेबारा रुपये म्हणायचं नाही, १,२५० पैसे म्हणायचं, बेरीज वजाबाकी सगळी पूर्णांकात, दाखवताना फक्त शंभराने भागायचं. इथे शंभराऐवजी २५६ घ्या कारण २५६ ने भागणं म्हणजे आठ बिट उजवीकडे सरकवणं, ते एका झटक्यात होतं. पात्राची जागा अशी २५६ पटीत ठेवा, वेग पण तसाच, आणि स्प्राइटच्या नोंदीत टाकताना सरकवा. उडी मारणं, हळूहळू थांबणं हे सगळं ह्याच्यावर छान जमतं.

कोड कुठे राहतो त्यानेही वेग बदलतो. कार्ट्रिजचा रस्ता १६ बिटचा, म्हणून तिथून ३२ बिटच्या सूचना आणायला दोन खेपा. त्यासाठी ह्या प्रोसेसरला थम्ब नावाचा १६ बिटच्या सूचनांचा संच आहे, बहुतेक कोड त्यातच कंपाइल करायचा, आणि जो एखादा लूप खूप वेळा फिरतो तेवढा ३२ बिटमध्ये करून सेक्टर ३ मध्ये न्यायचा. पण सेक्टर ३ फक्त ३२ किलोबाइट, आणि डेव्हकिटप्रोच्या ठरलेल्या मांडणीत तुमचे ग्लोबल व्हेरिएबल पण तिथेच जातात, स्टॅक पण तिथेच. मोठा ॲरे लिहिलात की लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे जोडून कोण कुठे राहणार ते ठरवणारं टूल, ओरडतो जागा नाही. न बदलणारा डेटा असेल तर कॉन्स्ट लावा, तो मग कार्ट्रिजमध्येच राहतो. चित्रं, नकाशे, संवाद सगळं कॉन्स्ट.

आवाजाचं थोडक्यात सांगते कारण माझा कान त्यात नाही. जुन्या गेम बॉयचे चार चॅनल आहेत आणि दोन नवे, आठ बिटचे, त्यांत रेकॉर्ड केलेला आवाज सोडता येतो. दोनपेक्षा जास्त आवाज हवे तर मिसळायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात. मॅक्समॉड लायब्ररी वापरा आणि सुखी राहा.

आता खऱ्या मशीनवर. एम्युलेटरवर पळतंय आणि कन्सोलवर लोगोपाशीच अडकलंय, असं झालं तर कार्ट्रिजची सुरुवात, म्हणजे तो लोगो आणि बेरीज, बरोबर नाहीये. एम्युलेटर बऱ्याचदा तिकडे दुर्लक्ष करतो, मशीन करत नाही. जीबीएफिक्स हे टूल ते भरून देतं, टेम्प्लेटच्या मेकफाइलमध्ये ते आधीच असतं, तुम्ही स्वतःची मेकफाइल लिहायला गेलात तर विसरता. दुसरं म्हणजे रॅम. एम्युलेटरमध्ये सुरुवातीची मेमरी स्वच्छ मिळू शकते, खऱ्या मशीनवर कचरा असू शकतो, म्हणून शून्य असेल असं गृहीत धरून काही लिहू नका.

न्यायचं कसं, दोन रस्ते. फ्लॅश कार्ट्रिज मिळतात, मायक्रोएसडी कार्डवर फाइल टाकायची आणि खोचायचं. पैसे लागतात आणि बाहेरून मागवलं तर वर कस्टम. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, मल्टिबूट. बायोसमध्येच सोय आहे की कार्ट्रिज नसेल तर लिंक केबलमधून, म्हणजे दोन कन्सोल जोडायच्या केबलमधून, प्रोग्राम घ्यायचा आणि सेक्टर २ मध्ये ठेवून चालवायचा. म्हणजे मर्यादा २५६ किलोबाइट, शिकण्याच्या प्रोग्रामांना भरपूर, माझा पहिला गेम त्याच्या पावपट पण नव्हता. कार्ट्रिज आत असेल तरी स्टार्ट आणि सिलेक्ट दाबून ठेवून चालू केलं की मशीन तिकडे न बघता केबलची वाट बघतं. पलीकडे रास्पबेरी पाय पिको सारखा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावून फाइल ढकलता येते, त्यासाठी तयार कोड मिळतो. फक्त व्होल्टेज सांभाळा. ह्या मोडमध्ये पोर्ट ३.३ व्होल्टवर चालतो, ५ व्होल्टचा अर्डुइनो उनो थेट जोडू नका, मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर लावा किंवा सरळ ३.३ चाच बोर्ड घ्या. आणि मल्टिबूटसाठी बिल्ड वेगळी करावी लागते, कारण एरवीचा कोड सेक्टर ८ धरून बसलेला असतो आणि आता तो राहणार सेक्टर २ मध्ये. डेव्हकिटप्रोत फाइलच्या नावात शेवटी अंडरस्कोर एमबी लावलं की लिंकर ते आपोआप तसं मांडतो.

मशीन जुनंच घ्यावं लागणार. घेताना समोर चालू करून बघा, मी वाशी स्टेशनच्या खालच्या फूड कोर्टात बसून एकाकडून घेतलं, सगळी बटणं बघितली, एल आणि आर बघायचे राहिले आणि नेमका एल गेलेला. पहिल्या मॉडेलला दोन एए सेल लागतात, ते उघडून सेलचे पत्रे बघा, आपल्याकडच्या पावसात सेल आत विसरले की हिरवट पांढरा थर चढलेला असतो, व्हिनेगर लावलेल्या कापसाच्या बोळ्याने निघतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एसपी मॉडेल २००३ चं, घडीचं, चार्ज होणारं, त्याची बॅटरी फुगलेली असेल तर ती वापरू नका, चार्ज तर अजिबात करू नका. उघडायला तीन पात्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्याने प्रयत्न केलात तर स्क्रूचं डोकं जातं, लॅमिंग्टन रोडला ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाऊन मिळतो. निन्टेंडोचे पुढचे कन्सोल डीएस किंवा डीएस लाइट असेल घरात तर त्याला पण ॲडव्हान्सची खाच असते आणि हे सगळं त्यावर फ्लॅश कार्ट्रिजने चालतं, पण लिंक पोर्ट नाही, त्यामुळे केबलचा मल्टिबूट तिथे विसरा.

आणि हे स्पष्ट सांगते कारण दर वेळी कोणीतरी विचारतंच, की यावर अमुक गेम फुकट कुठून टाकू. होमब्रू म्हणजे आपण लिहिलेलं किंवा ज्याने लिहिलं त्याने वाटायला दिलेलं. दुसऱ्याचा विकत मिळणारा गेम उतरवणं ही चोरी, त्याच्यासाठी माझ्याकडे येऊ नका.

शेवटची गोष्ट रंगांची. पहिल्या मॉडेलच्या स्क्रीनला स्वतःचा दिवा नाही. मॉनिटरवर एमजीबीएमध्ये छान दिसणारं गडद जंगल त्यावर नुसता काळा चौकोन दिसतो. म्हणून सगळे रंग जरा जास्तच उजळ ठेवा, प्रत्येक रंगाची पातळी आठदहाच्या खाली नेऊ नका. भाचीचा गेम, एक मांजर आणि पडणारे मासे, आम्ही ठाण्याहून नेरुळला जाताना ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये चालवून बघितला, ऐरोलीपर्यंत सावलीच्या बाजूला बसलो होतो तर तिला मासेच दिसेनात. रबाळेला उन्हाची खिडकी मिळाली तेव्हा दिसले. घरी गेल्यावर तिने पाण्याचा निळा १२ वरून २२ केला.